चार अँटेना, शून्य गाणी

इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतलेल्या माणसाला घरातला मिक्सर दुरुस्त करता यायलाच हवा, ही समजूत कोणी रुजवली देव जाणे. पण माझ्या सासुरवाडीत ती घट्ट मुरलेली आहे. पहिल्या दिवाळसणाला ओवाळून झाल्यावर सासूबाईंनी फराळाच्या ताटामागून एक बंद पडलेला मिक्सर पुढे सरकवला होता. मी तो उघडला, आतलं पाहून गंभीरपणे मान हलवली आणि परत मिटला. मिटल्यावर दोन स्क्रू उरले. तेव्हापासून मी हातातली कामं सोडून डोक्यातल्या कामांकडे वळलो. तिथेही स्क्रू उरतात, पण कुणाला दिसत नाहीत.

माझं डोक्यातलं लाडकं काम म्हणजे अँटेनांची रांग. या वेडाचं मूळ खोडदला. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, तिथे कधीतरी गेलो होतो. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या शेतांमध्ये उभ्या आहेत आणि सगळ्या मिळून आकाशातली एकच जागा ऐकताहेत, हे बघून जो खुळावलो तो खुळावलोच. तत्त्व सोपं आहे. बाजूबाजूला चार अँटेना ठेवले तर दूरची लहर एकाला आधी भेटते, दुसऱ्याला किंचित उशिरा. हा उशीर हिशोबात धरून चौघांचं ऐकलेलं एकत्र केलं, की एका दिशेचा आवाज वाढतो. हिशोब जरा फिरवला, तर हव्या त्या दिशेला पूर्ण बहिरंही होता येतं. आणि कुठे कान द्यायचा, कुठे बहिरं व्हायचं हे मशीनने स्वतःच ऐकून क्षणोक्षणी ठरवायचं, याला म्हणतात ॲडॅप्टिव्ह बीमफॉर्मिंग. एमईला माझा विषय हाच होता. त्यावरचे सगळे मूळ पेपर मी वाचले होते. म्हणजे झेरॉक्स काढले होते.

पूर्वी या प्रयोगाला संरक्षण खात्याचा खजिना लागायचा. 2012 च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं की संगणकावर टीव्ही बघायला मिळणारा एक फुटकळ डोंगल हवेतल्या लहरींचे कच्चे नमुनेही ओकतो. मग काय, असे अनेक रिसीव्हर एकाच घड्याळावर चालवणारे डबे निघाले, आणि त्यातला एक माझ्याकडे आला. आता फक्त निमित्त हवं होतं. ते सासऱ्यांनी पुरवलं.

सासरे जुने रेडिओवाले. गाव भोरच्या पलीकडे, डोंगराच्या आडोशाला. पुण्याचं विविध भारती, 101 मेगाहर्ट्झ, तिथे पोचतं ते धापा टाकत. त्यात गणपतीत देवळावर एलईडीच्या माळा चढल्या की संपलंच. स्वस्त माळांच्या डबीत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून देणारं एक सर्किट असतं आणि गाळणीचा खर्च वाचवलेला असल्यामुळे ते अख्ख्या एफएम पट्ट्यात खर्रर्र करत बसतं. देवाच्या माळा काढा म्हणायची सोय नाही, रेडिओ बंद ठेवायची इच्छा नाही, तेव्हा जावईबापूंनी काहीतरी करावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मिक्सरचा विषय त्यांनी काढला नाही. मोठ्या मनाचा माणूस.

101 मेगाहर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ तीन मीटर. अँटेना तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे दीड मीटरला दोन सेंटीमीटर कमी, असे उभे करायचे. चौघांची रांग साडेचार मीटरची झाली. ती अंगणात बसवली, वाळणाच्या काठ्या बाजूला काढून. एकेक अँटेना म्हणजे पडद्याच्या दांडीचे दोन तुकडे, मिळून 1 मीटर 42 सेंटीमीटर. कुठल्या खोलीचे पडदे, हे बायकोला पुण्यात परतल्यावर कळलं. केबल मी फूटपट्टी लावून सारख्या कापल्या, स्टेशनची दिशा नकाशावरून काढली, प्रोग्रामला सांगितली आणि एंटर दाबलं. खर्रर्र गेलं. खरंच गेलं! विविध भारती बारीक आवाजात, पण स्वच्छ गाऊ लागलं. सासऱ्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, पान लावलं आणि म्हणाले, "हं. वाजतंय." त्यांच्या शब्दकोशात याच्या वर फक्त पद्मश्री.

ही पद्मश्री मिरवत मी पुण्याला आलो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिलं. पुढे कोजागिरी होती. सेक्रेटरींनी अंताक्षरी आणि मसाला दूध यांच्यामधली वेळ मला दिली. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं, "विज्ञानाचा चमत्कार". छापलेलं वाचून मला बरंच वाटलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

आमची गच्ची धायरीच्या बाजूला. तिथून सिंहगड दिसतो, आणि गावासारखा डोंगर आड नसल्यामुळे विविध भारती दणदणीत येतं. सांस्कृतिक समितीने कठड्याला एलईडीच्या माळा गुंडाळलेल्या होत्या, म्हणजे खलनायकही आयता. मी मनात म्हटलं, मरतुकडं स्टेशन इतकं छान ऐकू आलं, तर दणदणीत स्टेशन काय लागेल! माणसाने याहून सरळ तर्क काय करायचा?

तयारीत दोन बारीकशा गोष्टी झाल्या होत्या. गावाहून येताना एक केबल डिकीच्या दारात चेंगरली, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली. ती दुकानदाराने वितीने मोजून दिली. आणि दिशा मी या खेपेला नकाशावर न काढता मोबाइलच्या होकायंत्रावर घेतली, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला टेकून. म्हटलं, दहा अंश इकडे काय आणि तिकडे काय, स्टेशन तर ओरडतंय.

झालं. सगळे सतरंज्यांवर बसले. आधी एका अँटेनावर रेडिओ लावला. गाणं आलं, मागे माळांची खरखर. "आता ऐका," म्हणून मी एंटर दाबलं. खरखर गेली. गाणंही गेलं. स्पीकरमधून नुसता सूंऽऽऽ. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग बी विंगमधले काका समजूतदारपणे म्हणाले, "जाहिरात चालू असेल."

मी गेन कमी केला. गेन वाढवला. स्टेशन फार जोरात असलं की हा स्वस्त रिसीव्हर तुंबतो, असं पहिल्या रांगेला समजावून सांगितलं; ते खरंही आहे, फक्त तिथे लागू नव्हतं. सूंऽऽ चालूच. शेवटी सेक्रेटरी उठले. "त्या माळांचा त्रास आहे ना? हे घ्या," म्हणत त्यांनी माळांचं बटणच बंद केलं. गच्चीवर लख्ख चांदणं पडलं, सगळे "वा" म्हणाले, आणि स्पीकर पुन्हा सूंऽऽऽ. मग काकांनी खिशातून आपला छोटा ट्रान्झिस्टर काढला, बोटभर एरियल ओढली आणि लावला. गाणं असं खणखणीत लागलं की मागच्या रांगेत टाळ्या पडल्या.

अँटेना एक, किंमत किरकोळ, गाणं पूर्ण. अँटेना चार, किंमत विचारू नका, गाणं शून्य.

हे कसं झालं ते समजायला माझ्या प्रोग्रामला दिलेला हुकूम बघावा लागेल. तो दोनच ओळींचा आहे. एक, मी सांगितलेल्या दिशेकडून जे येईल ते जसंच्या तसं आत सोड. दोन, ही अट पाळून एकूण आवाज जितका कमी करता येईल तितका कर. नव्या वॉचमनला आपण सांगावं की 403 कडे येणारे पाहुणे तेवढे सोड, बाकी गर्दी हाकलून लाव, आणि पाहुण्याने गेटवर 404 म्हणावं. पाहुणा गरीब, मुखदुर्बळ असेल तर वॉचमनचं लक्षही जात नाही, तो सुळकन आत शिरतो. पण तो घसा फोडून "अहो, मला आत जायचंय" ओरडू लागला, की वॉचमनच्या मते गेटवरची सगळ्यात मोठी गर्दी तोच. जितका ओरडेल तितका लांब नेऊन सोडतील.

गावात स्टेशन मुखदुर्बळ होतं. माझ्या दिशेत तिथेही चूक असणारच, पण ते गप्प करून एकूण आवाजात काही बचत होत नव्हती, म्हणून मशीनने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि माळ धरली. गच्चीवर स्टेशन हाच सगळ्यात मोठा आवाज. होकायंत्राने दिशा चुकवलेली. त्यात वितीने मोजलेली केबल: या जातीच्या केबलमध्ये लहर हवेतल्यापेक्षा सावकाश जाते, तिथे तिची लांबी दोन मीटरच्या आत येते, त्यामुळे नुसता दहा सेंटीमीटरचा फरक पडला तरी लहरीचा ताल 18 अंशांनी सरकतो. म्हणजे मशीनला जे रूप धरून "हा आपला" असं सांगितलं होतं, त्या रूपात आपला आलाच नाही. आला तो कोणीतरी दांडगा परका.

वर मशीनकडे साधनंही भरपूर. चार अँटेना म्हणजे एक अट पाळून तीन दिशांना बहिरं होण्याची सोय. माळांवर एक खर्ची पडली, उरलेल्या कुठे लावायच्या? सेक्रेटरींनी माळा बंद केल्यावर तर तिन्ही रिकाम्या झाल्या आणि गच्चीवर दुसरा शत्रूच राहिला नाही. सगळा फौजफाटा विविध भारतीवर.

हे शहाणपण अर्थातच नंतरचं. त्या क्षणी मी केलं ते प्रत्येक इंजिनीअर चारचौघांत करतो तेच: केबली हलवून बघितल्या. तिसऱ्या अँटेनाची केबल उपसली, तिचं टोक हातात धरून स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर चार पट्ट्या असतात, मशीन कुणाचं किती ऐकतंय ते दाखवणाऱ्या. तिसरी पट्टी सर्रकन वर गेली आणि बाकी तिन्ही तळाला टेकल्या. मी बघतच राहिलो. जी केबल माझ्या हातात लोंबत होती, जिला हवेतलं काहीही ऐकू येणं शक्य नव्हतं, नेमकी तीच मशीनने पूर्ण विश्वासाने ऐकायला घेतली होती. त्याचं बरोबरच होतं हो! "स्टेशन चारही अँटेनांवर सारखंच येतं" असं प्रोग्रामला मीच शिकवलेलं. मग ज्याच्यावर आवाज सगळ्यात कमी, त्याच्यावर सगळा भरवसा टाकला की दोन्ही ओळींचा हुकूम पाळला जातो आणि कुणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. सरकारी नोकरीत हा प्रोग्राम फार वर गेला असता.

"काका, तुमची वायर निघालीय," पहिल्या रांगेतला एक पोरगा म्हणाला. तेवढ्यात दुधाचं पातेलं आलं. देवाची कृपा.

रात्री झेरॉक्स बाहेर काढले. आणि खरंच वाचले. वाचताना कळलं, की हे गणित जन्मलं तेव्हा मित्र क्षीण आणि शत्रू दांडगा अशीच सगळीकडे परिस्थिती होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये पॉल हॉवेल्स रडारसाठी यावर काम करत होते. रडारचा मित्र म्हणजे विमानावरून परतणारा प्रतिध्वनी, जो अंतराच्या चौथ्या घाताने रोडावतो. अंतर दुप्पट झालं की उरतो सोळावा हिस्सा. शत्रू म्हणजे मुद्दाम गोंगाट करणारा जॅमर. माझा दोन ओळींचा हुकूम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या जॅक केपन यांचा 1969 चा पेपर तर भूकंपमापकांवरचा. मोंटाना राज्यात सुमारे 200 किलोमीटर व्यासाच्या टापूत 525 भूकंपमापक पुरले होते, कुठे कोणी जमिनीखाली अणुस्फोट केला तर त्याची दूरवरून आलेली थरथर ओळखायला. जगाच्या पाठीवरची बारीकात बारीक कुजबुज ऐकण्यासाठी घडवलेलं हत्यार, आणि मी ते रोखलं गाण्यांच्या फर्माइशीवर.

बरं, धोक्याची सूचना कुणी दिली नव्हती असंही नाही. हेन्री कॉक्स यांनी 1973 मध्येच लिहून ठेवलंय की दिशेतली चूक तेवढीच ठेवून हवा तो संकेत जोरकस करत नेला, तर निकाल सुधारत नाही, बिघडत जातो. स्टॅनफर्डच्या बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हवा तो संकेतच मारला जाण्याच्या प्रकारावर स्वतंत्र पेपर लिहिला आणि शीर्षकातच कारणं आणि उपाय दोन्ही सांगितले. माझ्या प्रतीवर त्या शीर्षकाखाली मी स्वतः हायलायटर मारलेला होता. पिवळा. पुढच्या पानांना मात्र हात लागलेला नव्हता.

उपाय वाचून मला हसू आलं, कारण सगळ्यात प्रसिद्ध उपाय म्हणजे मशीनशी खोटं बोलणं. त्याच्या हिशोबाचा जो चार बाय चारचा तक्ता असतो, त्याच्या कर्णावरच्या प्रत्येक घरात आपल्या पदरची थोडी भर घालायची. मशीनला वाटतं, आपल्या रिसीव्हरांचा स्वतःचाच आवाज बराच आहे. स्टेशनला मारायला त्याला एका अँटेनाला भरमसाट अधिक आणि शेजारच्याला भरमसाट उणे अशी कसरत करावी लागते. त्या कसरतीत हा खोटा आवाजही फुगतो, मग ती परवडेनाशी होते आणि मशीन नाद सोडतं. भर किती घालायची, यावर मात्र एकमत कमी आणि पेपर जास्त. कमी घातली तर स्टेशन मरतं, फार घातली तर माळही जिवंत होते. स्वयंपाकघरात "अंदाजाने" म्हणतात त्याचं हे डॉक्टरेट झालेलं रूप.

दुसरा उपाय मला जास्त पटला. रडारवाले सवयीने तालीम घेतात ती मित्र हजर नसताना. रीड, मॅलेट आणि ब्रेनन या त्रयीने 1974 मध्ये दाखवलं की अशी तालीम असेल तर अँटेनांच्या दुप्पट नमुने पुरतात, तेही सरासरी 3 डेसिबलच्या तोट्यात. चार अँटेनांना आठ नमुने, आणि माझा डबा सेकंदाला 24 लाख नमुने घेतो! अडचण एवढीच की विविध भारती माझ्या तालमीसाठी थोडंच गप्प बसणार? पण माळ एकाच फ्रीक्वेन्सीवर खरखरत नाही, ती सगळीकडे खरखरते. मग शेजारच्या रिकाम्या जागी, जिथे कुठलंच स्टेशन नाही, तिथे मशीनला माळ ऐकवायची, बहिरेपण तिथे शिकवायचं आणि शिकलेलं तसंच उचलून 101 वर लावायचं. स्टेशन त्याला दिसलंच नाही, तर ते मारणार कसं? आता दिशा जरा चुकली तर गाणं थोडं बारीक येईल, इतकंच. मोबाइलच्या टॉवरवाल्यांचं बरं असतं. त्यांच्या संकेतात ओळखीची खूण आधीच पेरलेली असते, त्यामुळे "कुठल्या बाजूने आलास" याच्यावर सगळं अडत नाही.

दुसऱ्या रात्री साडेदहाला मी एकटाच गच्चीवर गेलो, केबल सारखी कापली, माळांचं बटण लावलं, तालीम दिली, एंटर दाबलं. विविध भारती काय लागलं म्हणता! मागे खरखरीचा मागमूस नाही. मी आनंदाने आवाज वाढवला. जिन्यात पावलं वाजली आणि माझा पहिला श्रोता दारात उभा राहिला. वॉचमन. दोन मिनिटं त्याने नीट ऐकून घेतलं. "साहेब," तो म्हणाला, "आवाज कमी करा. खालून कंप्लेंट आलीय."

पुढच्या सभेत मी हा निकाल निवेदन म्हणून मांडायचं ठरवलं होतं. चार स्लाइडही केल्या होत्या. पण त्याआधीच बी विंगमधले काका उठले. म्हणाले, "गैरसमज नको, पण परवा कोजागिरीला यांच्या मशीनने चालू गाणं बंद पाडलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पलीकडच्या सोसायटीचा डीजे प्रत्येक सणाला आपल्याला झोपू देत नाही. मशीन त्यांच्याकडे तोंड करून लावलं तर?"

सभागृहात चैतन्य पसरलं. मी सांगायला उभा राहिलो, की ते रेडिओ लहरींचं आहे, हा ध्वनी आहे. ध्वनीसाठी माइकची रांग लागते. एक किलोहर्ट्झच्या आवाजाची लांबी 34 सेंटीमीटर, म्हणून दर 17 सेंटीमीटरवर एक माइक. आणि एवढं करून डीजे बंद होत नाहीच, फक्त आपल्या रेकॉर्डिंगमधून जातो. पण बोलण्याच्या ओघात मी सुरुवात केली होती "तत्त्वतः शक्य आहे" या शब्दांनी, आणि सोसायटीच्या सभेत वाक्याचा पुढचा भाग कुणी ऐकत नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी माइकसाठी वर्गणीची कल्पना मांडली. खजिनदारांनी दुरुस्ती निधीतून आगाऊ रक्कम काढायला हरकत नसल्याचं सांगितलं.

इतिवृत्त काल ग्रुपवर आलं. विषय क्रमांक सात: "शेजारील सोसायटीचा डीजे बंद करण्याची जबाबदारी श्री. फ्लॅट नं. 604 यांनी स्वेच्छेने स्वीकारली. सूचक, बी विंग. अनुमोदक, सौ. फ्लॅट नं. 604."